पित्त नावाचे सोयीचे निदान

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, नासपतीच्या आकाराची, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. तिच्यात एका वेळी ३० ते ५० मिलिलिटर पित्तरस मावतो. यकृत दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्यातला बराचसा या पिशवीत येऊन थांबतो, तिथे त्यातले पाणी शोषले जाते आणि रस दाट होतो. तेलातुपाचा घास जठर ओलांडून लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरला की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते, पिशवी आवळली जाते आणि रस नळीवाटे आतड्यात पडतो. जठरातल्या आम्लाचा या सगळ्यात कुठेही हात नाही. आम्ल जठराच्या भिंतीतून पाझरते आणि पित्तरस यकृतातून येतो. दोघांची गाठ पडते ती जठर संपल्यावर, आणि तिथे पित्तरस आम्ल बोथट करण्याच्याच बाजूला असतो.

मराठी बोलण्यात मात्र या दोन रसांची पुरती सरमिसळ झालेली आहे. ‘आज पित्त झालंय’ असे म्हणणाऱ्याच्या छातीत जळजळत असते आणि तोंडाला आंबट पाणी सुटत असते. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणणाऱ्याच्या त्वचेवर गांध्या आलेल्या असतात आणि घरातले कोणीतरी त्यावर आमसुलाचे पाणी चोळत असते. पित्त खवळते ते रागाने. वैद्य पित्त म्हणतात तेव्हा त्यांना तीन दोषांपैकी एक अभिप्रेत असतो. यांतल्या एकाही वापरात पित्ताशयात अडकलेला खडा बसत नाही, तरी उजव्या बरगडीखाली दुखू लागले की हाच शब्द पुढे केला जातो. याचे खापर आयुर्वेदावर फोडण्यात अर्थ नाही. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याची लक्षणे वेगळी सांगितलेली आहेत. घोटाळा घरगुती भाषेतला आहे. एकच शब्द चार कामांना वापरला की पाचवे दुखणे त्याच्या आड सहज लपते.

‘पित्तच आहे’ या मताच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे घरगुती उपायाने दुखणे थांबते हा. थंड दूध घेतले, खायचा सोडा घेतला, जिरे चावले, ओकारी काढली आणि दोन तासांत बरे वाटले. मग पित्त नव्हते तर काय होते, असा सवाल केला जातो. या सवालाचे उत्तर खड्याच्या हालचालीत आहे. जेवणानंतर पिशवी आवळली जाते तेव्हा आतला एखादा खडा तिच्या मानेत जाऊन बुचासारखा बसतो. पिशवी त्या बुचावर जोर करते आणि तेच दुखणे असते. काही वेळाने पिशवी सैल पडते, खडा मागे घरंगळतो आणि दुखणे ओसरते. हे नाटक बहुधा एक ते पाच तासांत आपोआप संपते. माणसाने दूध घेतले असेल तर श्रेय दुधाला जाते, सोडा घेतला असेल तर सोड्याला, आणि दृष्ट काढली असेल तर मीठमोहऱ्यांना. उपायानंतर बरे वाटणे आणि उपायाने बरे वाटणे यांतला फरक या दुखण्याइतका फसवा क्वचितच असतो.

दुखण्याचे वर्णन नीट ऐकले तर गल्लत पुष्कळ कमी होते. लग्नाची पंगत, भजी, जिलबी, मसालेभात, वरून तुपाची धार. माणूस घरी येऊन झोपतो आणि रात्री एकच्या सुमारास जागा होतो. दुखणे पोटाच्या वरच्या भागात, मध्यावर किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होते, पंधरा मिनिटांपासून तासाभरात चढत जाते आणि मग एकाच पातळीवर ठाण मांडते. पाठीमागे उजव्या फऱ्याखाली किंवा खांद्याच्या टोकाला ठसठस जाते. घाम येतो, मळमळते, उलटी होते, पण उलटी झाल्याने हलके वाटत नाही. कुशीवर वळून, उकिडवे बसून, फेऱ्या मारून काही फरक पडत नाही. शौचाला जाऊन आल्यावरही नाही. डॉक्टरी भाषेत याला कोलिक, म्हणजे कळ म्हणतात खरे, पण ते नावही तसे चुकीचेच आहे. कळ येते आणि जाते; हे दुखणे येते आणि बसून राहते. आम्लपित्ताची जळजळ याउलट छातीच्या हाडामागे असते, घशाकडे चढते, आडवे पडल्यावर वाढते आणि आम्लविरोधी गोळीने बऱ्याचदा काही मिनिटांत नमते.

तरीही दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्याचा एक मोठा तुकडा आहे, आणि तो मान्य न करता केलेला प्रतिवाद लंगडा ठरेल. पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत आम्लपित्ताचे रुग्ण पित्ताशयाच्या रुग्णांपेक्षा नक्कीच जास्त असतात. पोट फुगणे, ढेकर येणे, गॅस धरणे, तेलकट खाल्ल्यावर जड वाटणे या तक्रारी खडे असलेल्यांना असतात तशाच नसलेल्यांनाही असतात. त्यांवरून खड्यांचा अंदाज बांधता येत नाही, आणि एवढ्याच तक्रारींवर पिशवी काढली तर त्या शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना उरतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्याचे सोंग घेऊन येतो, मधुमेही आणि वयस्क माणसांत तर विशेषच. म्हणून असे दुखणे पहिल्यांदा आले, सोबत घाम, धाप किंवा डाव्या हाताला-जबड्याला कळ असली, तर पित्ताशयाची चर्चा नंतर; आधी ईसीजी. ‘पित्त आहे’ म्हणून घरी पडून राहणे आणि ‘खडे आहेत’ म्हणून घरी पडून राहणे, दोन्ही त्या वेळी सारखेच महाग पडते.

आता दुसरा दावा. खडे आहेत हे मान्य, पण ते ‘पाडता’ येतात, असे सांगणारा वर्ग मोठा आहे. मोबाइलवर फिरणारी कृती साधारण अशी: काही दिवस सफरचंदाचा रस, मग एका संध्याकाळी उपाशीपोटी एप्सम मीठ, आणि रात्री ऑलिव्हचे तेल लिंबाच्या रसात घुसळून. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट गोळ्या पडतात आणि त्यांची छायाचित्रे पुरावा म्हणून पुढे धाडली जातात. या गोळ्यांची खरोखर तपासणी झालेली आहे. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका चाळीस वर्षांच्या बाईची हकिकत छापली. तिच्या सोनोग्राफीत बारीक खडे दिसलेले होते. एका जडीबुटीवाल्याच्या सल्ल्याने तिने ६०० मिलिलिटर ऑलिव्हचे तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस काही तासांत पोटात ढकलला, पडलेल्या गोळ्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या आणि डॉक्टरांना आणून दाखवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत स्फटिकांची रचना सापडली नाही. ४० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवल्यावर त्या वितळून हिरवट तेलकट पाणी झाले. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन नव्हते, कॅल्शियमही नव्हते. तीन चतुर्थांश भाग मेदाम्लांचा होता. तेलातले आम्ल आणि लिंबाचा रस यांत थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून प्रयोगशाळेत तसल्याच गोळ्या बनवताही आल्या. थोडक्यात, पोटात साबण तयार झाला होता. सोनोग्राफीत दिसलेले खरे खडे जागच्या जागीच होते आणि पुढे पित्ताशयासकट शस्त्रक्रियेने काढावे लागले.

खरा खडा हातात घेऊन पाहिला तर ही फसवणूक होण्याचे कारण उरत नाही. कोलेस्टेरॉलचा खडा पिवळट-करडा, नखाने न दबणारा असतो. मधोमध कापला की आत केंद्रापासून कडेकडे जाणाऱ्या चमकदार रेघा दिसतात. अनेक खडे एकत्र राहिलेले असतील तर एकमेकांना घासून त्यांना पैलू पडलेले असतात. रंगद्रव्याचे खडे काळे, लहान, मिरीच्या दाण्यासारखे. यांतला कुठलाही ४० अंशांना, म्हणजे ऊन पाण्याच्या बादलीतल्या उष्णतेला, वितळत नाही. शरीराचे तापमानच ३७ अंश असते; तीन अंश जादा मिळताच विरघळणारा पदार्थ वर्षानुवर्षे पोटात खडा होऊन कसा बसला असता, हा प्रश्न गोळ्यांची छायाचित्रे पाठवणाऱ्या कोणालाच पडलेला दिसत नाही. प्रकार केवळ निरुपयोगी असता तरी एक वेळ चालले असते. पण एवढे तेल एकदम पोटात गेल्यावर पिशवी जोराने आवळते, आणि त्या जोरात खरा बारीक खडा मानेतून निसटून मुख्य पित्तनळीत येऊ शकतो. पिशवीतल्या खड्यापेक्षा नळीतला खडा फार वाईट.

याच ठिकाणी मुतखड्याशी केलेली तुलना कोसळते. महाराष्ट्रात मुतखड्यासाठी कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, भरपूर पाणी, आणि काही मंडळींच्या आवडीने बिअर, असे उपाय ठरलेले आहेत. त्यांच्या गुणाची चर्चा बाजूला ठेवली तरी तिथे निदान वाट तरी सरळ आहे: मूत्रपिंड, मूत्रनलिका, मूत्राशय, बाहेर. प्यालेले पाणी त्याच वाटेने जाते. पित्ताशयाला अशी वाट नाही. प्यालेले पाणी तिथे पोचतच नाही. खडा पिशवीतून निघाला तर त्याला आधी एका अरुंद, वळणदार नळीतून मुख्य पित्तनळीत यावे लागते आणि मग आतड्याच्या तोंडाशी असलेल्या स्नायूच्या दारातून बाहेर पडावे लागते. रुग्गेरो ओडी या इटालियन वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८७ मध्ये या दाराचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत याच दाराशी येऊन मिळते. तिथे खडा अडला की वर पित्त तुंबून कावीळ होते, तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर थंडी वाजून ताप येतो, आणि स्वादुपिंडाला सूज आली तर पाठीपर्यंत आरपार जाणारे, माणसाला वाकवून टाकणारे दुखणे सुरू होते. तेव्हा ‘खडा पडू द्या’ हा मुतखड्याच्या बाबतीत आशीर्वाद असेल, पित्ताशयाच्या बाबतीत तो शाप ठरू शकतो. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या बियांचे पथ्यही मुतखड्याच्या गप्पांतूनच इकडे आलेले आहे. पित्ताशयातले बहुतेक खडे कोलेस्टेरॉल पित्तात विरघळलेले न राहिल्यामुळे होतात. बियांचा तिथे काही संबंध नाही.

खडा औषधाने विरघळतच नाही असेही नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या लहान, कोलेस्टेरॉलचे, कॅल्शियम न चढलेले खडे हळूहळू विरघळवतात, पण त्यासाठी पिशवी चालती हवी, गोळ्या सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात, आणि थांबवल्यानंतर पाच वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांना खडे पुन्हा होतात. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना खडे होऊ नयेत म्हणून याच गोळ्यांचा उपयोग अधिक खात्रीचा आहे.

काविळीचा उल्लेख आला की आणखी एका प्रथेला हात घालणे भाग आहे. गावोगावी कावीळ ‘उतरवणारे’ असतात. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो. माळ लांबत गेली की कावीळ उतरली. काड्या वाळून आक्रसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. ती निरोग्याच्या गळ्यातही लांबते. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावून पिवळे पाणी दाखवतो. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, त्याला चुना लागला की रंग येतो. विषाणूची साधी कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते, त्यामुळे अशांचा लौकिक टिकतो. खडा अडकून झालेल्या काविळीत मात्र हेच आठ-पंधरा दिवस जिवावर बेततात. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: लघवी कडक चहासारखी, शौच मातकट पांढुरके, अंगाला खाज. सोबत थंडी वाजून ताप आणि उजवीकडे दुखणे असेल तर माळ, पथ्य, कुंडली सगळे सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. ताप, कावीळ आणि दुखणे या तिघांची सांगड फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्येच घालून दिलेली आहे.

इथवरच्या प्रतिवादाने शस्त्रक्रियेच्या उत्साही पुरस्कर्त्यांना आनंद झाला असल्यास तो अकाली आहे. ‘खडा दिसला की काढून टाका, नाहीतर कधीही फुटेल’ हा दावाही पहिल्या दोन दाव्यांइतकाच सैल आहे. सोनोग्राफी हल्ली कशासाठीही होते: पाठदुखीसाठी, वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये, गरोदरपणात. त्यात सहज सापडलेल्या आणि कधीही न दुखलेल्या खड्यांचे पुढे काय होते, याचा माग ग्रेसी आणि रॅन्सोहॉफ या अमेरिकन डॉक्टरांनी काढला. मिशिगन विद्यापीठातल्या अशा १२३ जणांना त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत पाच वर्षांत सुमारे १० टक्के, दहा वर्षांत १५ टक्के आणि पंधरा वर्षांत १८ टक्के लोकांना दुखू लागले. बाकीच्यांचे खडे मुकेच राहिले. म्हणून मुक्या खड्याला सामान्यतः नुसते नजरेखाली ठेवतात. अपवाद आहेत आणि ते खरे आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटरच्या पुढचा पॉलिप, पिशवीच्या भिंतीत बसलेले कॅल्शियम. गंगेच्या खोऱ्यात, बिहार-उत्तर प्रदेशात आणि आसामात पित्ताशयाचा कर्करोग देशाच्या इतर भागांपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळे तिथल्या रुग्णाबाबत डॉक्टरांचा कल वेगळा असू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात, रंगद्रव्याचे काळे खडे लहान वयातच होतात, आणि सिकलसेलचे दुखणे कोणते व खड्याचे कोणते हे वेगळे करणे अवघड होऊन बसते. तिथे मुका खडाही वेगळा विचार मागतो. ‘चाळिशीची, जाडी, गोरी बाई’ हे पाठ्यपुस्तकातले जुने चित्र मात्र आता भिंतीवरून उतरवावे. बारीक अंगाचे पुरुष, नुकत्याच बाळंत झालेल्या पंचविशीतल्या मुली, महिन्याभरात दहा किलो उतरवणारे जिमवाले, वजन घटवण्याची नवी इंजेक्शने घेणारे, यांनाही खडे होतात, आणि चित्रात न बसल्यामुळे त्यांच्या दुखण्याला पित्ताचे नाव जास्त वेळ चिकटून राहते.

दुखणे पित्ताशयाचे आहे असा संशय आला की उपयोगी पडतो तो वहीचा एक कागद. दवाखान्यात रुग्ण बहुधा दुखण्याचे वर्णन करत नाही, निदान सांगतो: ‘डॉक्टर, पित्ताचा फार त्रास आहे.’ बाहेर वीस माणसे बसलेली, आत पाच मिनिटे. डॉक्टरांनीही तोच शब्द उचलला तर आम्लाच्या गोळ्या लिहून होतात आणि भेट संपते. चूक दोघांची असते, पण टाळणे रुग्णाच्या हाती जास्त. कागदावर प्रत्येक वेळच्या दुखण्याची तारीख, सुरू झाल्याची वेळ आणि थांबल्याची वेळ लिहिलेली असावी. ‘खूप वेळ’ या शब्दाने काही कळत नाही, ‘रात्री १ ते पहाटे ४’ याने बरेच कळते. आधी काय खाल्ले होते, दुखणे एका बोटाने कुठे दाखवता येते, तिथून कुठे गेले, उलटीने किंवा गोळीने फरक पडला का, ताप किंवा थंडी होती का, लघवी आणि शौचाचा रंग बदलला का, वजन न ठरवता उतरले का. शौचाच्या रंगाबद्दल बोलायला घरातली वडीलधारी मंडळी संकोचतात. लिहून दिले की संकोचाचा प्रश्न राहत नाही.

औषधांची यादी वेगळी लागते, आणि तीत चूर्णे, काढे, आसवे, वजन घटवण्याची पावडर, गर्भनिरोधक गोळ्या हे सारे यायला हवे. ‘ते काय, साधं चूर्ण आहे’ म्हणून ते वगळले जाते आणि नेमके तेच यकृताच्या तपासण्यांचा अर्थ बदलू शकते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर ते पहिल्या ओळीत. अलीकडे दुसऱ्या आजारासाठी सेफ्ट्रायॲक्सोनची इंजेक्शने घेतली असतील तर तेही, कारण या प्रतिजैविकाने पिशवीत गाळ साचून सोनोग्राफीत खड्याचा भास होतो, आणि औषध बंद केल्यावर तो बहुधा आपोआप जातो. घरात कोणाला खडे झाले होते का, मधुमेह आहे का, स्त्री असेल तर पाळीची शेवटची तारीख. जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट सापडतील तेवढे सगळे, तारखेच्या क्रमाने. दुखण्यावर गोळी घेतली तर डॉक्टरांना रोग कळणार नाही, या समजापायी काही जण विव्हळत बसून राहतात. वेदना शमवल्याने निदान अडत नाही हे आता नीट तपासून झालेले आहे. कोणती गोळी, किती वाजता, एवढे लिहिलेले असले म्हणजे पुरे. मात्र शेजाऱ्याने दिलेली वेदनाशामक गोळी अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला महागात पडू शकते.

पहिली भेट फॅमिली डॉक्टरांचीच चांगली. पोट तपासताना ते उजव्या बरगडीखाली बोटे दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वास घेताना यकृत खाली सरकते, सुजलेली पिशवी बोटांना भिडते आणि रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो. शिकागोचे शल्यविशारद जॉन मर्फी यांच्या नावाची ही खूण शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून चालते. मग सोनोग्राफी. तिला सहा-आठ तास उपाशी जावे लागते, कारण जेवल्यावर पिशवी रिकामी होऊन आक्रसते आणि आतले दिसत नाही. सकाळचा चहाही याच कारणाने टाळायचा. पडद्यावर खडा पांढऱ्या कमानीसारखा दिसतो, त्याच्या मागे काळी सावली पडते, आणि रुग्णाला डाव्या कुशीवर वळवले की तो घरंगळतो. पॉलिप घरंगळत नाही. पिशवीतले खडे सोनोग्राफी शंभरात पंचाण्णवांहून अधिक वेळा पकडते, साध्या एक्स-रेत मात्र जेमतेम दहा-पंधरा टक्केच दिसतात; तेव्हा ‘एक्स-रे काढला, काही नाही’ याला पित्ताशयाच्या बाबतीत काडीची किंमत नाही. मुख्य नळीतले खडे सोनोग्राफीलाही हुलकावणी देतात. रिपोर्टवर नळीची रुंदी दिलेली असते. ती सहा मिलिमीटरच्या पुढे असेल, किंवा रक्तात बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असेल, तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांची एमआरआय तपासणी, करायची का, हे विचारलेच पाहिजे. भिंतीची जाडी तीन मिलिमीटरच्या वर असेल तर सुजेची शंका येते.

तज्ज्ञांना विचारायचे प्रश्न फार नाहीत, पण ते विचारले जात नाहीत. लिहून आणलेले दुखणे या खड्यांचेच आहे असे वाटते का? नळी मोकळी आहे का? थांबले तर काय होऊ शकते आणि किती शक्यता आहे? शस्त्रक्रिया दुर्बिणीतून सुरू करून उघडी करावी लागण्याची वेळ कधी येते? विम्याचे कागद याच वेळी पाहून घ्यावेत, कारण अनेक पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांसाठी सुरुवातीची दोन वर्षे प्रतीक्षेची असतात.

भेटीपर्यंतच्या दिवसांत खाणे थोडे-थोडे आणि कमी तेलाचे ठेवणे एवढेच पुरते: ज्वारीची भाकरी, वरणभात, वाफवलेल्या भाज्या, ताक. तेलतूप पूर्ण बंद करणे किंवा दिवसदिवस उपास करणे उलटे पडते. पिशवी आवळलीच नाही तर रस साचून आणखी गाळ होतो. नवरात्रात दिवसभर निरंकार राहून रात्री साबुदाण्याचे तळलेले वडे खाणे हे तर पिशवीला आधी झोपवून मग एकदम दचकवण्यासारखे. दुखणे सहा तासांपलीकडे टिकले, ताप आला, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा पाठीपर्यंत आरपार दुखू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नसते.

पिशवी ठेवून नुसते खडे काढता येणार नाहीत का, असा हळवा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. तो प्रयोग पूर्वी होऊन गेला. खडे पुन्हा झाले. बर्लिनमध्ये १५ जुलै १८८२ रोजी कार्ल लँगेनबुख यांनी पहिल्यांदा सबंध पित्ताशय काढले ते याच विचाराने, की खडे जिथे तयार होतात ती जागाच जाऊ द्यावी. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्याच बॉब्लिंगेन गावी एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढले, आणि सहकाऱ्यांची टर उडवणारी बोलणी बरीच वर्षे सोसली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात तेहेमतन उदवाडिया यांनी ही पद्धत १९९० मध्ये आणली. पिशवी गेल्यावर पित्तरस साठत नाही, यकृतातून थेट आतड्यात ठिबकत राहतो. पचन थांबत नाही आणि जन्मभर बिनतेलाचे खावे लागत नाही. काहींना काही आठवडे पातळ शौच होते, थोड्यांना ते जास्त काळ टिकते. पिशवीला सूज आलेली असताना ‘आधी सूज उतरू द्या, सहा आठवड्यांनी या’ हा जुना शिरस्ता होता. प्रकृती सोसत असेल तर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया केलेली बरी, असे आता दिसून आले आहे. मुख्य नळीला इजा होण्याचा धोका लहान आहे, हजारात तीन ते पाच जणांना, पण ज्याला होते त्याच्यासाठी तो लहान राहत नाही, म्हणून त्याबद्दल आधी विचारण्यात संकोच नको.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांच्या हाती बाटलीत खडे दिले जातात आणि ते पाहुण्यांना दाखवण्यात दोन दिवस जातात. पिशवी कुठे गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. ती पॅथॉलॉजीकडे तपासणीला जायला हवी, कारण कर्करोगाची सुरुवात काही वेळा तिथेच पहिल्यांदा दिसते. तो रिपोर्ट आठवड्याभरात येतो, टाके काढायच्या भेटीच्या सुमारास. तोपर्यंत रुग्णाला बरे वाटत असते, आणि रिपोर्ट रुग्णालयाच्या खिडकीत तसाच पडून राहतो. तो मागून घ्यायचा, डॉक्टरांना दाखवायचा आणि वहीच्या त्या पहिल्या कागदासोबत फाइलला लावायचा.